फाटकाजवळचा संत्रा

आमच्या घरात पाण्याची एका कामात सुटका होत नाही. तांदूळ धुतले की ते पाणी ओट्याखालच्या बादलीत. डाळ धुतली की तेही तिथंच. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर धुतलेलं मातकट पाणीसुद्धा त्याच बादलीत जातं. आरओच्या फिल्टरची जी नळी साऱ्या पांढुर्ण्यात लोक सरळ मोरीत सोडून देतात, ती आमच्याकडे बादलीच्या कानाला सुतळीनं बांधलेली आहे. बादली भरली की उचलायची आणि फाटकाजवळच्या संत्र्याच्या झाडाला घालायची, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. नवरा म्हणतो, या घरात माणसापेक्षा बादलीला मान जास्त आहे. म्हणू दे. उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो तेव्हा हाच माणूस गच्चीवर चढून टाकीत किती पाणी उरलं ते वाकून वाकून बघत असतो.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. वाहत्या पाण्याचा तर फारच येतो. शेजारच्या घरची टाकी भरून वाहायला लागली की माझ्या कपाळावरची शीर उडायला लागते. पूर्वी मी भिंतीवरून हाका मारायचे. आता नुसती स्वयंपाकघराची खिडकी जोरात उघडली तरी शेजारीण धावत जाऊन मोटर बंद करते. आमची मैत्री अशीच झाली, खिडकीच्या आवाजावर. बाजारातही माझी थोडी दहशत आहे. मला लांबून येताना पाहिलं की भाजीवाली प्लास्टिकच्या पन्न्यांचा गठ्ठा मांडीखाली सारते आणि मी थैली पुढे केली की अगदी निरागस चेहऱ्यानं वांगी त्यात ओतते. माझी पाठ वळली की ती पन्नी पुन्हा बाहेर निघते हे मला ठाऊक आहे. पण निदान माझ्यासमोर तिला संकोच वाटतो, एवढ्यावर मी समाधान मानते.

झाड मात्र माझं नव्हे. ते मामाजींनी लावलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. तिगावच्या रस्त्याला त्यांचा संत्र्याचा बगिचा आहे आणि सगळं आयुष्य त्यांनी तिथंच काढलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बगिचा माझ्या धाकट्या दिराच्या हाती सोपवून ते आमच्याकडे राहायला आले. येताना ऑटोत मांडीवर जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेलं संत्र्याचं एक कलम घेऊन बसले होते. कपड्यांची पेटी मागाहून आली. घर नवऱ्यानं बांधलेलं, त्याच्या नावावरचं, म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी मुलाला विचारलं की हे कुठं लावू. मुलानं घाईत फाटकाकडे बोट दाखवलं. पुढे सगळं घडलं ते त्या बोटामुळे.

झाड माझ्या खिडकीच्या उंचीला आलं आणि माझा पोळ्या लाटण्याचा वेग निम्म्यावर आला. तोवर मला पक्षी म्हणजे कावळा, चिमणी आणि इतर, एवढंच कळत होतं. आता मी फोटो काढून नागपूरला शिकणाऱ्या लेकीला पाठवते आणि ती नावं शोधून कळवते. दोन पानांच्या कडा चक्क टाके घालून शिवणारा शिंपी मी पोळी करपेपर्यंत पाहिला आहे. बुलबुलाची जोडी रोज सकाळी येऊन भांडते. काळाभोर चमकणारा शिंजीर फुलं नसलेल्या या झाडावर काय शोधतो ते मला अजून कळलेलं नाही. त्याला कोळी लागतात असं लेक म्हणते, पण मला वाटतं तो चौकशीला येत असावा.

अळ्यांवरून मात्र माझं आणि मामाजींचं एकदा चांगलंच वाजलं होतं. संत्र्याच्या कोवळ्या पानांवर एक अळी येते. लहान असताना ती अगदी पाखराच्या शिटेसारखी दिसते आणि मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडीनं डिवचलं की डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तिचंच पुढे काळं-पिवळं फुलपाखरू होतं. बगिचेवाल्याच्या लेखी ती दुश्मन. मामाजी दिसेल ती अळी चिमटीत धरून चपलेखाली घालायचे, आणि मी एकदा पोळपाट हातात घेऊनच अंगणात धावले. शेवटी तह झाला. वरच्या फांद्या त्यांच्या, खालच्या दोन माझ्या. तेव्हापासून ते खालच्या फांदीवर अळी दिसली की मला हाक मारून सांगायचे, तुझी लेकरं खाऊन राहिली बघ. पुढे पुढे वरच्या फांदीवरच्या अळ्याही तेच उचलून खाली आणून ठेवू लागले. मी पाहिलं, पण बोलले नाही. तहाच्या अटी मोडल्याचं कशाला दाखवून द्यायचं.

एवढं सगळं होतं, पण त्या झाडाला फूल येत नव्हतं. एकही नाही. झाड दणदणीत, पानं तेल लावल्यासारखी चकाकणारी, आणि बहाराच्या नावानं शून्य. आमच्या गावात संत्र्याच्या झाडाकडे माणूस आधी कोणत्या नजरेनं पाहतो ते सांगायला नको. येणारा-जाणारा फाटकात थांबून विचारायचा, बहार कोणता धरला, आंबिया की मृग? मग मी तोंड वाकडं करायचे. कुणी म्हणालं माती भारी आहे, कुणी म्हणालं कलमच खोटं निघालं. शेजारीण म्हणाली की नजर लागली असेल. मामाजींना विचारलं तर ते म्हणायचे, येईल त्याच्या मनाला आलं की.

पांढुर्णा जिल्हा झाला आणि नवऱ्याच्या कचेरीचं काम वाढलं. सौसरला जा, लोधीखेड्याला जा, दौरे सुरू झाले. मग त्यानं नागपूरहून एक जुनी गाडी आणली. पांढरी, बरी होती. मीही तिच्यात बसून माहेरी जाऊन आले, उगीच नाव कशाला ठेवू. पण आमची गल्ली अरुंद आहे. गाडी बाहेर उभी केली की दूधवाल्याची मोटरसायकल अडते, ट्रॅक्टर आला तर सगळ्यांना बाहेर येऊन तोंडं वाजवावी लागतात. गाडी आत घ्यायला फाटकातून जागा होती, आणि त्या जागेच्या बरोबर मध्ये झाड होतं.

नवरा दुष्ट माणूस नाही. त्याला झाडावर हात टाकायची हौस नव्हती. पण रोज सकाळी कुणीतरी हॉर्न वाजवायचं आणि चहा अर्धा टाकून त्याला गाडी हलवायला पळावं लागायचं. दिवाळीनंतर एका सकाळी तो परत येऊन बसला आणि म्हणाला की आता बस झालं, झाड काढू. फळ नाही, फूल नाही, जागा तेवढी अडवून बसलंय. मी भडकले. मी भडकल्यावर तो नेहमी नरमतो, तसा नरमला आणि त्यानं एक अट घातली. या आंबिया बहाराला, म्हणजे थंडी सरताना, झाडावर फूल दिसलं तर तो गाडी जन्मभर गल्लीत ठेवील आणि हॉर्न ऐकून घेईल. महाशिवरात्रीपर्यंत फूल आलं नाही तर झाड जाईल. मामाजी तिथंच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपराचं पान उलटलं. मला त्यांचा रागच आला. झाड तुमचं आणि भांडायचं मी एकटीनं?

त्याच थंडीत दिरानं बगिच्यात रोडगे आणि भरताचं जेवण ठेवलं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वरून तूप, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, आणि जेवायला पळसाच्या पत्रावळी. त्या पत्रावळींसाठी मी दरवर्षी आधीच दिराच्या मागे लागते. नाहीतर हा भला माणूस थर्माकोलच्या प्लेटा आणतो आणि उरलेल्या साऱ्या थंडीत त्या कुंपणाला अडकून फडफडत राहतात. मामाजी आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. थंडीतल्या या जेवणाला ते कधीच येत नसत.

जेवण झाल्यावर मी आणि जावेनं भांडी विसळली. विसळलेलं पाणी घमेल्यात जमा झालं. माझा हात सवयीचा. मी ते उचललं आणि सरळ जवळच्या झाडाच्या आळ्यात ओतायला निघाले. दीर पलीकडून अक्षरशः धावत आला आणि त्यानं माझ्या हातातलं घमेलं धरलं.

"वहिनी, काय करून राहिल्या? ताण देऊन राहिलो ना."

मी तिथंच उभी राहिले आणि पहिल्यांदा बगिच्याकडे नीट पाहिलं. सगळी झाडं मलूल होती. पानं निस्तेज होऊन आत वळलेली, बुंध्याभोवतालची माती उकरून मुळ्या उघड्या टाकलेल्या, जमिनीला भेगा. इकडे सगळे असंच करतात. संत्र्याला बहार हवा असला की पाणी तोडतात, झाडाला तहानेला सोडतात. पानं गळायला लागेपर्यंत थांबतात आणि मग एकदम पाणी देतात. झाड घाबरून फुलतं. फुलांचा नुसता सडा पडतो. माझं माहेर लोधीखेड्याकडचं, कापसाचं, पण एवढं तर मलाही ठाऊक होतं. संत्रेवाल्याच्या घरात सून म्हणून आल्यापासून दरवर्षी ऐकत होते. आणि दारातल्या झाडाला मात्र मी बारा महिने तेरा काळ तांदळाचं, डाळीचं, मेथीचं पाणी पाजत होते. पोट इतकं भरलेलं की त्या झाडाला फुलायची गरजच पडली नव्हती. आमच्यापैकी कुणाच्या हे लक्षात आलं नाही, कारण घरातलं झाड म्हणजे बगिच्यातलं झाड नव्हे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. परतीच्या वाटेवर गाडीत नवरा इतका हसला की तिगावच्या वळणावर त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.

पण मी खूश होते. आता उपाय हाती आला होता. घरी येताच मी मामाजींना सांगितलं की उद्यापासून झाडाला ताण, पाण्याचा थेंब नाही, आणि तुम्ही लक्ष ठेवायचं. ते हं म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी खुरप्यानं आळं उकरलं, वरच्या मुळ्या उघड्या केल्या आणि पदराला हात पुसत मोठ्या ऐटीत उभी राहिले. मामाजी खुर्चीवर बसून पाहत होते. त्यांनी एक मुळी हळूच पुन्हा मातीखाली ढकलली. मला वाटलं, मी चुकीची मुळी उघडी केली असेल.

आता बादलीचं काय करायचं हा प्रश्न आला. झाडाला पाणी नाही आणि मोरीत ओतायला माझा जीव तयार नाही. शेजारणीच्या तुळशीला घातलं, तिची तुळस दोन दिवसांत पिवळी पडायला लागली. तिनं हात जोडले. मग माझं लक्ष गल्लीच्या तोंडाशी गेलं. तिथं कधीतरी कुणीतरी जाळ्या लावून कडुलिंबाची आणि करंजाची रोपं लावली होती. लावण्याचे फोटो निघाले असतील, पाणी मात्र कुणी घातलं नव्हतं. जाळ्यांत पन्न्या अडकलेल्या आणि आत काड्या उभ्या. मी बादली घेऊन तिथं जायला लागले. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. धुणीभांडी करून आल्यासारखी मी बादली हलवत गल्लीतून चालले होते आणि सगळे दारात उभे राहून पाहत होते. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं तिची बादली आणली. तिच्याकडेही आरओ होता, तिची नळीही मोरीत जात होती, आणि इतके दिवस माझ्या खिडकीच्या आवाजाला घाबरून तिनं ते मला सांगितलं नव्हतं. पुढे तिच्या सासूनं दुधाच्या कॅनमधून पाणी आणायला सुरुवात केली.

त्या दिवसांत मजा आली, हे खरं. आम्ही तिघी बादल्या घेऊन निघायचो, जाळ्यांतल्या पन्न्या काढायचो, गप्पा मारायचो. एका काडीला पोपटी कोंब फुटला तेव्हा आम्ही बाळ झाल्यासारख्या वाकून पाहत होतो. वाटेत माझ्या लक्षात आलं की विजेच्या खांबाच्या पोकळीत साळुंक्यांनी घर केलंय, आणि संध्याकाळी पिठाच्या गिरणीमागून एक मुंगूस रोज त्याच वाटेनं नाली ओलांडतं. इतकी वर्षं त्याच गल्लीतून दुचाकीवर बसून गेले, पण कधी दिसलं नाही. बादली जड असली की माणूस हळू चालतो आणि थांबतो.

इकडे झाड मात्र ढिम्म होतं. ताण बसला तर पानं मलूल व्हायला हवीत, कडा वळायला हव्यात. आमचं झाड पहिल्यापेक्षा जास्त हिरवं दिसत होतं. रोज सकाळी मी एक पान बोटांत धरून बघायचे, ते ताजं करकरीत. दिराला फोन केला. तो म्हणाला की खालून कुठंतरी ओल मिळत असेल, नळाची जोडणी पाझरत असेल. मी नवऱ्याला नळाच्या जोडण्या बघायला लावल्या. सगळ्या कोरड्या ठणठणीत. महाशिवरात्र जवळ येत होती. महादेवाच्या यात्रेला जाणाऱ्यांची त्रिशुळं रस्त्यावर दिसायला लागली होती. एकदा तर मी झाडाजवळ उभी राहून त्याला चांगलं खडसावलं. तुझ्याच भल्यासाठी चाललंय हे, म्हटलं. मामाजी खुर्चीवर होते. ते म्हणाले, त्याले काय कळते बाई.

मग एका सकाळी, ऊन वर आल्यावर, मी भाजी निवडत खिडकीशी उभी होते. झाडाच्या बुंध्याशी जमिनीवर काहीतरी हलत होतं. नीट पाहिलं तर फुलपाखरं होती. लहान लहान पिवळी, सातआठ असतील, पंख मिटून एका जागी दाटीनं बसलेली. त्यांच्याशेजारी दोन-तीन मधमाश्या. ही फुलपाखरं मी नालीच्या काठी पाहिली होती, नळ गळतो तिथं पाहिली होती. ती ओल्या मातीतलं पाणी प्यायला बसतात. कोरड्या जमिनीवर ती अशी बसत नाहीत. मी हातातली मेथी टाकून बाहेर गेले आणि आळ्यात बोट घातलं. वर कोरडी माती पसरली होती. खाली चिखल होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळी कामं सोडून खिडकीत उभी राहिले. मामाजी अंगणातल्या नळाजवळ आंघोळ करतात. त्यांनी अर्धी बादली अंगावर घेतली. उरलेली अर्धी उचलली, गुडघा धरत धरत झाडाशी गेले, ओणवे झाले आणि पाणी हळूहळू मुळ्यांवर सोडलं. मग हातानं वरची कोरडी माती ओढून ओल झाकली. चोरासारखं इकडंतिकडं पाहिलं आणि वळले, तर समोर अंगणात आलेली मी.

मी भयंकर चिडले होते. हॉर्न, बादल्या, तुळस, नवऱ्याशी भांडण, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. शेवटी एवढंच म्हटलं की मामाजी, झाड कापलं जाईल, तुम्हाला कळतंय का. तुम्हीच ताण मोडला तर फूल कुठून येणार. त्यांनी टॉवेल पिळून खांद्यावर टाकला. मग खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले,

"बाई, साऱ्या जिंदगीभर झाडायले तहानेनं मारलं मी. मुळ्या उघड्या पाडल्या, पानं वाळेपर्यंत पाह्यत बसलो. झाडाले वाटते आपण मरून राहिलो, म्हणून फुलते ते. पोरं शिकवाची होती, पर्याय नव्हता. हे एक झाड मी बहारासाठी नाही लावलं. हे एक तरी पोटभर पिऊ दे म्हणलं."

मी म्हटलं, पण मग ते राहणारच नाही.

"घर त्याचं आहे. कापाचं असन तं कापन. पण पाणी पाजून कापा म्हणा त्याले. तहानलेलं नको."

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. थंडीतल्या त्या जेवणाला हा माणूस का येत नव्हता ते तेव्हा कळलं. ताण दिलेला बगिचा त्यांना बघवत नव्हता. मी आत गेले आणि ओट्याला टेकून रडले. मग डोळे पुसून ओट्याखालची बादली बाहेर आणली, झाडाला घातली, आणि त्यांच्यासमोरच सगळ्या मुळ्या मातीनं झाकल्या. त्या दिवसापासून अर्धी बादली झाडाला आणि अर्धी गल्लीतल्या रोपांना अशी वाटणी झाली.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. त्यानं भाकरीचा घास हातात धरून ऐकलं. मग म्हणाला की बाबा आता म्हातारे झाले, हळवे झाले. आणि घास तोंडात घातला. मला वाटलं, विषय मिटला. पण तो शब्दाचा पक्का आहे, ही त्याची एक वाईट खोड आहे. महाशिवरात्र आली. तिगावच्या रस्त्यानं संत्र्याच्या फुलांचा इतका वास सुटला होता की दौऱ्यावरून आलेल्या नवऱ्याच्या शर्टालाही तो येत होता. सगळे बगिचे पांढरे झाले होते. आमच्या झाडावर फूल नव्हतं. शिवरात्र झाल्यावरच्या सकाळी फाटकाची कडी वाजली. झाड कापणारा माणूस आला होता. खांद्यावर कुऱ्हाड, वयानं मामाजींच्या जवळपासचा.

मी खिडकीतून हलले नाही. अट मीच मान्य केली होती. मामाजी त्यांच्या खुर्चीवर होते. त्या माणसानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली, झाडाभोवती एक फेरी मारली आणि नवऱ्याला म्हणाला की एक लोटा पाणी आणा. कापायच्या आधी घरच्या माणसानं झाडाच्या मुळाशी पाणी घालून हात जोडायचे, अशी त्याची रीत. त्याशिवाय तो घाव घालत नाही. नवरा आत आला. माझ्याकडे न पाहता माठावरचा लोटा घेतला, भरला, बाहेर गेला आणि झाडाच्या मुळाशी ओतला. पाणी क्षणात आत गेलं. त्यानं हात जोडले.

मामाजी खुर्चीवरूनच म्हणाले, "एका लोट्यानं काय होते त्याचं."

नवऱ्यानं लोटा खाली ठेवला. मग नळाखालची बादली उचलून भरली आणि आणून ओतली. मातीनं तीही पिऊन टाकली, खळगाभर पाणी बघता बघता खाली गेलं. त्यानं दुसरी आणली. लहानपणी त्यानंही बगिच्यात मुळ्या उघड्या केल्या होत्या, बापाच्या मागून खुरपं घेऊन. त्याला त्यातलं सगळं ठाऊक होतं. तो उकिडवा बसला आणि पाणी मुरताना पाहत राहिला. खालच्या फांदीवरून एक हिरवी अळी त्याच्या बाहीवर चढली. त्यानं ती झटकली नाही. बोटावर घेतली आणि पानावर परत ठेवली. मी त्याला असं करताना आधी कधी पाहिलं नव्हतं. मग तो पुन्हा उठला आणि तिसरी बादली घेऊन आला.

कापणाऱ्या माणसानं कुऱ्हाड हातात घेतली होती. त्यानं विचारलं की साहेब, झालं का, लावू का हात. नवऱ्यानं बादली हळूहळू तिरकी केली. डोळे झाडावरून काढले नाहीत.

"थांबा काका," तो म्हणाला, "अजून पिऊन राहिलं ते."